डोक्यात कमी पडते की पायात?

पर्वतीपायथा | रवि, रात्री ९:४८

मंडळी, प्रश्न घरचा आहे. पण इथे पळणारे, तालमीतले, नेमबाजीतले बरेच जण आहेत, म्हणून सगळ्यांपुढे मांडते.

माझी भाची (भावाची मुलगी) सोळा वर्षांची, अकरावीत. ८०० आणि १५०० मीटर पळते. चार वर्षं झाली, रोज पहाटे साडेपाचला सणस मैदान. दादा स्कूटरवर सोडतो आणि सारसबागेसमोर चहा पीत थांबतो. मागच्या वर्षी तिचं ८०० चं टायमिंग २:२४ होतं. या हंगामात २:२९, मग २:३१, आणि परवाच्या स्पर्धेत २:३३. तिचे सर (नाव विचारू नका, सांगणार नाही) म्हणाले, "पायात काही कमी नाही हो. डोक्यात कमी पडते. शेवटचं आलं की सोडून देते."

ते वाक्य आमच्या घरी मुक्कामाला आलंय. वहिनी म्हणते समुपदेशकाकडे नेऊ. दादा म्हणतो मोबाइल काढून घेऊ. आईच्या मते दृष्ट लागली, त्यामुळे मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. पोरगी काहीच म्हणत नाही.

परवा मी स्वतः जाऊन बसले. मला यातलं कळत नाही, दिसलं ते सांगते. पहिली फेरी झकास, दुसऱ्या नंबरावर. घंटा झाली. त्यानंतरच्या पहिल्या वळणातून बाहेर पडताना, म्हणजे पाचशेच्या आसपास, तिचे खांदे कानांकडे चढले. मुठी छातीसमोर एकमेकींना ओलांडायला लागल्या. तीन मुली पुढे गेल्या, तिने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. शर्यत संपल्यावर गवतावर बसली आणि बुटाची नाडी सोडून परत बांधत राहिली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

तर खेळात मन किती आणि शरीर किती? अनुभव सांगा. रॉजर बॅनिस्टरची गोष्ट मला माहीत आहे, कृपया ती नको.

हळूधाव्या | रवि, रात्री १०:२०

ताई, मी पंचेचाळिशीत पळायला लागलो, आतापर्यंत नऊ फुल मॅरेथॉन झाल्या. माझं मत विचाराल तर नव्वद टक्के मन. बत्तिसाव्या किलोमीटरला पाय संपलेले असतात, तिथून पुढे माणूस डोक्यानेच पळतो. मी तर शेवटचे दहा किलोमीटर दहा माणसांच्या नावाने पळतो. एक बायकोच्या, एक आईच्या, एक बॉसच्या (तो सगळ्यात जोरात जातो).

मॅरेथॉनवाल्या किपचोगेचंच घ्या. २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंद. दोन तासांच्या आत माणूस जाऊच शकत नाही म्हणत होते. आणि बॅनिस्टरची गोष्ट नको म्हणालात, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. चार मिनिटांच्या आत मैल अशक्य मानत होते, त्याने करून दाखवलं आणि वर्षभरात डझनांनी लोकांनी केलं. पाय तेच होते. मनातली भिंत पडली.

भाचीला ध्यान शिकवा.

खवचट पेठकर | रवि, रात्री १०:३१

नव्वद टक्के मन असेल तर मी उद्यापासून खुर्चीतच सराव करतो. दहा टक्क्यांसाठी कशाला लवकर उठा.

अनुस्वार | रवि, रात्री ११:५५

हळूधाव्या, ही गोष्ट व्याख्यानांत फार चालते, म्हणून जरा खरी तपासून घेऊ.

बॅनिस्टर ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावला. त्याआधीचा विक्रम स्वीडनच्या गुंडर हेगचा, ४ मिनिटं १.४ सेकंद, १९४५ सालचा. म्हणजे 'अशक्य' भिंत दीड सेकंदावर उभी होती. ती लवकर पडली नाही याचं एक साधं कारण महायुद्ध. युरोपातल्या पळणाऱ्या तरुणांची ऐन वर्षं रणांगणावर गेली, उरलेल्यांची रेशनवर. हेग युद्धातही पळत राहिला, कारण स्वीडन तटस्थ होता. आणि खुद्द बॅनिस्टरला त्या दिवशी दोन मित्रांनी, ब्रॅशर आणि चॅटवेने, पुढे पळून वेग धरून दिला होता.

'वर्षभरात डझनांनी' हेही खोटं. ४६ दिवसांनी ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी त्याच्याहून जोरात धावला. त्यानंतरचे तिघे १९५५ च्या २८ मे ला, लंडनमधल्या एकाच शर्यतीत. म्हणजे बरोबर वर्षभराच्या आत दुसरा माणूस एकच, आणि तो लँडी बॅनिस्टरच्या आधीपासूनच ४:०२ च्या आसपास वारंवार धावत होता. त्याला कुणी मनातली भिंत पाडून द्यायची गरज नव्हती, चांगला ट्रॅक आणि पाठीला लागणारं कुणीतरी हवं होतं.

याच गोष्टीचा दुसरा भाग मात्र व्याख्यानात अर्धाच सांगतात. ७ ऑगस्ट १९५४, व्हँकुव्हर. बॅनिस्टर आणि लँडी समोरासमोर. लँडी जवळपास सगळी शर्यत पुढे होता. शेवटच्या वळणावर त्याने डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, त्याच क्षणी बॅनिस्टर उजवीकडून निघून गेला. दोघांचीही वेळ चार मिनिटांच्या आत. एवढं सांगतात. पुढचं नाही.

त्याच दिवशी, त्याच स्टेडियममध्ये मॅरेथॉनचा जिम पीटर्स आत आला. मॅरेथॉनचा त्या काळातला सगळ्यात वेगवान माणूस, दुसऱ्या क्रमांकाच्या सतरा मिनिटं पुढे. एवढी आघाडी की चालत गेला असता तरी सुवर्णपदक. पण उन्हाने शरीर संपलं होतं. तो पडला, उठला, परत पडला, रांगला. अकरा-बारा मिनिटं हे चाललं आणि अंतिम रेषेपर्यंत तो पोहोचलाच नाही. दवाखान्यात न्यावं लागलं, त्यानंतर तो पुन्हा स्पर्धेत धावला नाही. मनात कमी पडला असं म्हणणारा माणूस मला भेटायचाय.

तालमीतला | सोम, सकाळी ६:१५

ताई, मी शुक्रवार पेठेतल्या तालमीत दहा वर्षं घाम गाळलेला माणूस. पैलवान झालो नाही, पोट मात्र झालं. तरी चार शब्द.

आमच्यात 'मन' हा शब्दच नव्हता. 'रग' म्हणायचे. पोरात रग आहे का नाही. आणि ती भाषण ठोकून येत नसती. पहाटे उठून आधी हौद्यातली माती खोऱ्यानं उकरायची, मग जोर, मग बैठका, मग जोड. वस्ताद बैठका मोजायचे आणि मुद्दाम चुकायचे. चारशे ऐंशीच्या पुढं एकदम चारशे साठ. पहिल्यांदा डोकं फिरायचं, रडायला यायचं. वीस राहिल्या म्हणून मांडीनं हिशोब केलेला असतो ना, तो हिशोबच हे मोडायचे. वर्षभरानं कळलं, म्हातारा काही विसरत नाहीये.

आता माझी फजिती. एका जत्रेत कुस्ती लागली. समोरचा माझ्याहून सात-आठ किलोनं हलका. तसल्या पोरांना मी तालमीत रोज पाडत होतो. हलगी घुमायला लागली, भोवती दोन हजार माणसं, आणि माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. तोंडाला कोरड. त्यानं खडाखडीतच ओळखलं. दोन मिनिटांत ढाक लावली, मी आभाळ बघत पडलेलो. शरीर तेच, खुराक तोच. बदललं होतं फक्त भोवतालचं.

वस्ताद एक शब्द बोलले नाहीत. पुढचा महिनाभर रोज संध्याकाळी दुसऱ्या तालमीतली अनोळखी पोरं बोलावली आणि आमच्या सगळ्या पोरांना भोवती उभं करून शिट्ट्या मारायला लावल्या. आमचा मानसोपचार एवढाच.

खाशाबा जाधवांचंही तसंच बघा. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मॅट त्यांना नवी होती. माती पायाला धरते, मॅटवर पाय वेगळा टाकावा लागतो. सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. तिथं जायलाही पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. जिद्द तर गोळेश्वरातून निघतानाच होती. मधल्या चार वर्षांत पायाखालचं ओळखीचं झालं, असं मला वाटतं.

दहामीटर | सोम, दुपारी १:४०

माझा मुलगा बालेवाडीला १० मीटर एअर रायफल करतो. हा खेळ शंभर टक्के मनाचा समजतात. लांबून तसाच दिसतो, कुणी हलतच नाही.

आता जवळून बघा. साडेपाच किलोपर्यंतची रायफल, कडक कॅनव्हासचं जाकीट, तसलीच पँट, आणि पात्रता फेरीत सव्वा तासात साठ गोळ्या उभ्याने. चाळिसाव्या गोळीनंतर कंबर बोलायला लागते. माझ्या मुलाचे शेवटचे दहा शॉट नेहमी खराब जायचे. आम्हीही 'दडपण' म्हणत होतो. सरांनी सहा महिने पोटाचे आणि पाठीचे व्यायाम घेतले, दडपण बरंच कमी झालं. 🙂

उलट बाजूनेही सांगते. हृदयाचे ठोके मंद करणारी, हाताचा कंप घालवणारी बीटा ब्लॉकर नावाची औषधं असतात. नेमबाजीत त्यांच्यावर बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाची दोन पदकं त्यासाठीच काढून घेतली. घाबरणं पूर्णपणे मनात असतं तर रक्तदाबाच्या गोळीने ते गेलं नसतं ना?

आपला स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ५९० गुणांनी सातवा म्हणून फायनलला गेला. गुडघ्यावर, मग पालथं पडून, मग उभ्याने, असा क्रम असतो. उभ्याची फेरी सगळ्यात अवघड आणि सगळ्यात शेवटी. ४५१.४ गुण आणि ब्राँझ. तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता हे सगळ्यांनी छापलं. बालेवाडीत तो किती वर्षं, किती गोळ्या झाडत होता ते छापायला फार कंटाळवाणं आहे.

खवचट पेठकर | सोम, दुपारी २:०५

मूळ प्रश्न अकरावीतल्या मुलीचा आहे. आतापर्यंत आपण लंडन, हेलसिंकी, व्हँकुव्हर आणि बीजिंग करून आलो. सणस मैदानाला कधी पोचणार?

बाकी माझं मत: आजकालची पिढी नाजूक. आमच्या वेळी सर छडी मारायचे आणि आम्ही पळायचो.

टेकडीवाली | सोम, दुपारी ३:३०

काका, छडीने पळालात ते कुठल्या स्पर्धेत, तेही सांगा.

मी जिम्नॅस्टिक्स करायचे, शाळा संपेपर्यंत. नाजूक वगैरे ऐकलं की माझं डोकं फिरतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने व्हॉल्टवर अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, तिने दीडच घेतली आणि कशीबशी उतरली. आपण हवेत कुठे आहोत हेच कळेनासं होतं, त्याला ट्विस्टीज म्हणतात. मला एकदा झालंय. लहान प्रमाणात, गाद्यांवर, तरीही. डोळे उघडे असतात, छत दिसतं, पण वर की खाली ते समजत नाही. त्या अवस्थेत उडी मारणं म्हणजे मानेवर पडायची तयारी. ती सांघिक फायनलमधून बाहेर पडली तेव्हा तिलाही घाबरट म्हटलं. तीन वर्षांनी पॅरिसला तीन सुवर्ण आणि एक रौप्य.

ट्विस्टीज मनाचा आजार की शरीराचा? मला आजही सांगता येणार नाही.

सांधेदुरुस्ती | सोम, रात्री १०:१०

मी फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर नाही. कर्वे रोडवर दवाखाना आहे, शाळकरी खेळाडू बरेच येतात.

आधी मनाच्या बाजूने. २००९ मध्ये वेल्समध्ये सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. सोळा जणांना एका दिवशी दीड तास संगणकावर लक्ष देऊन करायचं किचकट काम दिलं, दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ माहितीपट दाखवले. नंतर दोन्ही दिवशी दमेपर्यंत सायकल. माहितीपटाच्या दिवशी सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोकं शिणलेल्या दिवशी ६४०. गंमत म्हणजे हृदय आणि स्नायूंच्या मोजमापात फरक नव्हता. फक्त तेच काम जास्त जड वाटत होतं. अकरावीची मुलगी कॉलेज, क्लास करून संध्याकाळी पळत असेल तर हे लक्षात ठेवा.

दुसरा प्रयोग मला फार आवडतो. सायकलपटूंना साखरेसारख्या कर्बोदकाच्या पाण्याने नुसती चूळ भरून थुंकायला लावलं. पोटात काही गेलं नाही, तरी तासाभराच्या शर्यतीत जवळपास ३ टक्के सुधारणा. जिभेने मेंदूला कळवलं की जेवण येतंय, मेंदूने हात सैल सोडला. म्हणजे शरीर पूर्ण रिकामं व्हायच्या आधीच मेंदू ब्रेक लावतो. टिम नोक्स यांचं 'सेंट्रल गव्हर्नर' म्हणतात ते हेच. त्यावर वाद आहेत, पण असा ब्रेक असतो हे पळणाऱ्या कुणालाही पटेल.

आता खरा मुद्दा. ब्रेक लागतोय म्हणजे ड्रायव्हर भित्रा आहे असं नाही, इंजिन खरंच तापलेलं असू शकतं. ताई, तुम्ही लिहिलंय की या हंगामात वेळ हळूहळू घसरली, पहिली फेरी चांगली जाते आणि पाचशेला खांदे चढतात. मला पहिला प्रश्न पडला तो मनाचा नाही. तिचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासलंय का?

फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीकठाक असूनही हा साठा तळाला गेलेला असतो. खात्यात पैसे नाहीत पण खिशात अजून शंभराची नोट आहे, तसं. वाढीचं वय, पाळी, घामातून जाणारं लोह, पळताना तळपाय आपटून फुटणाऱ्या तांबड्या पेशी, त्यात शाकाहार आणि जेवणावर चहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. यातल्या कितीजणींना 'आळशी' म्हटलं गेलं असेल!

पाळी नियमित आहे का, झोप किती, खाणं किती, हेही विचारा. पण घरातल्या बाईनेच विचारा. सर आणि दादा यांच्यासमोर ती सांगणार नाही. आणि लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, डॉक्टरांकडे जा.

शिट्टी | मंगळ, सकाळी ८:००

बावीस वर्षं शाळेत पीटी शिकवतोय. त्या सरांच्या बाजूनेही कुणीतरी बोलायला हवं.

माझ्याकडे सकाळी चाळीस मुलं, एक स्टॉपवॉच आणि एक मी. 'डोक्यात कमी पडतो' हे वाक्य मी स्वतः शंभरदा बोललो असेन. काही वेळा ते बरोबरही होतं. एक मुलगा होता, सरावात ४०० ला सगळ्यांना मागे टाकायचा आणि स्पर्धेच्या सकाळी उलट्या करायचा. त्याचं रक्त तपासून काही निघालं नसतं.

म्हणून आता मी एक साधी वही ठेवतो. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक दोनशेची वेळ, सरावातली आणि स्पर्धेतली वेगळी. सरावात पळतो आणि स्पर्धेत ढेपाळतो, तर गडबड बहुतेक डोक्यात. दोन्हीकडे ढेपाळतो, तर रक्त, झोप, पोट, पायाचं हाड, आधी हे बघायचं. दोन्हीकडे नीट पळतो पण वेळ सुधारत नाही, तर गडबड माझ्या वेळापत्रकात. हा तिसरा रकाना भरायला मला पंधरा वर्षं लागली.

ताई, सरावातले आकडे मिळतात का बघा.

हळूधाव्या | मंगळ, रात्री ११:१५

वरच्या प्रतिसादात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. जिम पीटर्सबद्दल वाचल्यापासून टोचतेय.

नऊ मॅरेथॉन लिहिल्या, त्यातली एक पूर्ण झालेलीच नाही. मार्चमधली, पुण्याबाहेरची. साडेनऊलाच ऊन चटकत होतं. पस्तिसाव्या किलोमीटरला मला थंडी वाजायला लागली, अंगावर काटा आला. घाम थांबला होता. मी स्वतःला म्हटलं, हेच ते मन, हे मागे खेचतंय, हरवायचं याला. अडतिसाव्यानंतरचं काही आठवत नाही. बायकोने सांगितलं की मी उलट दिशेने पळत होतो. बर्फाच्या पाण्यात बसवलं. दोन दिवस लघवी कोकाकोलासारखी होत होती. मूत्रपिंडं वाचली, डॉक्टरांनी झापलं.

पुढच्या रविवारी आमच्या ग्रुपने मला 'योद्धा' म्हणून हार घातला, आणि मी घालून घेतला.

मुंढवा रोड | बुध, दुपारी १२:२०

फौजेत होतो, आता निवृत्त. आमच्याकडे 'मन मार' शिकवतात असं लोकांना वाटतं. थोडं खरं आहे. पण इथे जवळच आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूट आहे, तिथे रक्ताच्या चाचण्या, आहार, फिजिओ सगळं वेगवेगळ्या माणसांच्या हातात असतं. नुसत्या जोशावर कुणी सोडत नाही.

पुण्याचं उदाहरण हवं असेल तर मुरलीकांत पेटकर. सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, बॉक्सिंग संपलं. उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं. लोक म्हणतात जिद्द. जिद्द होतीच. पण बॉक्सिंगला रडत न बसता जे शरीर शिल्लक होतं त्याला चालेल असा खेळ धरला, हे माझ्या लेखी जास्त मोठं.

पर्वतीपायथा | शनि, रात्री ९:०५

सगळ्यांचे आभार. शिट्टीसर, सरावातले आकडे मिळाले. तिनेच एका जुन्या डायरीत लिहून ठेवले होते, आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. ३०० मीटरच्या सहा फेऱ्या. जूनमध्ये पहिली ते सहावी दोन सेकंदांचा फरक. आता नऊ सेकंदांचा. म्हणजे सरावातही ढेपाळतेय.

सांधेदुरुस्ती, रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ११.२, फेरिटिन ७. डॉक्टर म्हणाले या साठ्यावर ही ८०० पळतेय हेच आश्चर्य. पाळीचं मी एकटीनेच विचारलं. पाच महिने खूप जास्त जात होतं, तिला वाटलं सगळ्यांचं असंच असतं. औषधं सुरू केलीत. जेवणावरचा चहा बंद, त्यावर आईने एक दिवस अबोला धरला.

दादा सरांना भेटला. सर चांगले वागले. रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

खवचट पेठकर | शनि, रात्री ९:१२

म्हणजे डोक्यात कमी पडलं होतं, फक्त कुणाच्या ते चुकलं.

(ताई, बरं वाटलं वाचून. छडीचं विधान मागे.)

पर्वतीपायथा | साडेतीन महिन्यांनी, गुरु, रात्री ८:३०

धागा वर काढतेय.

फेरिटिन ३१ वर आलं. सरावातल्या सहा फेऱ्यांमधला फरक परत तीन सेकंदांवर. रंग बदललाय पोरीचा, जिना चढताना बोलते. सगळ्यांना वाटलं सुटलो. गेल्या रविवारी स्पर्धा झाली. २:२८.

मी बसले होते. पहिली फेरी झकास, घंटा, वळण, आणि त्याच जागी खांदे कानांना. नंतर मी विचारलं, दमलीस का? म्हणाली, "दमले नव्हते, आत्या. पण पाचशे आलं की सरांचं वाक्य ऐकू येतं. मग मी वाट बघते की आता पाय जातील."

शिट्टीसर, आता तुमच्या वहीत हिचं नाव पहिल्या रकान्यात. काय करायचं?

शिट्टी | गुरु, रात्री ९:१५

सरावात पाचशेची जागाच हलवा. ८०० पूर्ण द्या, पण सुरुवात रोज वेगळ्या ठिकाणाहून. कधी दोनशेच्या रेषेवरून, कधी तीनशेच्या. ते वळण तिच्यासाठी पाचशे राहता कामा नये. आणि आठशेच्या जागी कधी सातशे, कधी नऊशे.

तालमीतला | गुरु, रात्री ९:४०

अंतर सांगूच नका ना. घंटा कुणाच्या तरी हातात द्या आणि त्याला चुकवायला सांगा. कधी लवकर, कधी उशिरा. पहिले चार दिवस चिडेल. चिडू दे.

पर्वतीपायथा | गुरु, रात्री १०:२५

सरांना फोन करून विचारलं, ते हसले आणि हो म्हणाले. उद्या पहाटे दादा घंटा घेऊन उभा राहणार. मैदानावरची मोठी आहे, ती मिळेल की नाही माहीत नाही, म्हणून देवघरातली नेतोय. आईने दिली, पण धुऊन परत ठेवायच्या अटीवर, आणि सात वाजता पूजेला हवी म्हणाली.

खवचट पेठकर | गुरु, रात्री १०:३१

घंटा देवाची आहे तर नैवेद्यही न्या. शेंगदाण्या-गुळाचा लाडू. लोह असतं म्हणे.

सांधेदुरुस्ती | गुरु, रात्री १०:४४

लाडवावर लिंबूसरबत. दादाच्या थर्मासमधला चहा तिला देऊ नका.